नताल्या गोर्बानेव्हस्काया: कवयित्री, सहा कार्बन आणि विशेषणं नसलेलं नियतकालिक

दौत (धागा)

सोव्हिएत काळातल्या बंडखोर कवींचा विषय ब्रॉड्स्कीपाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. नताल्या गोर्बानेव्हस्कायाचं नाव आलंच तर एका ओळीत येतं: १९६८ साली लाल चौकात बाबागाडी घेऊन निदर्शनाला गेलेली बाई. ते खरं आहे, पण ते निदर्शन काही मिनिटांत मोडलं गेलं. तिचं मोठं काम त्याच्या आधी चार महिने सुरू झालं होतं आणि ते टाइपरायटरवर चाललं होतं. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात चरित्र. जन्म २६ मे १९३६, मॉस्को. मॉस्को विद्यापीठातून काढून टाकलं. शेवटी लेनिनग्राद विद्यापीठाच्या परीक्षा बाहेरून देऊन १९६४ साली पदवी घेतली. पोलिश भाषा तिने आवडीने शिकली आणि पुढे आयुष्यभर पोलिश कवितेचे अनुवाद केले, चेस्वाव मिवोश या कवीचेसुद्धा. स्वतःच्या कविता लहान, बिनशीर्षकाच्या, वृत्तबद्ध. त्या हाताने टाइप केलेल्या पुस्तिकांतून फिरायच्या. फेब्रुवारी १९६८मध्ये, गरोदर असताना, तिला जबरदस्तीने मनोरुग्णालयात ठेवलं होतं. मे महिन्यात मुलगा झाला. या दोन्हींच्या मध्ये, ३० एप्रिल १९६८ या तारखेचा ‘ख्रोनिका तेकूश्चिख सबीतिय’चा पहिला अंक तिने तयार केला. नावाचा अर्थ ‘चालू घडामोडींची नोंद’. ते नाव तिने बीबीसीच्या रशियन कार्यक्रमावरून उचललं होतं. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ हे मानवी हक्क वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून अंकाच्या माथ्यावर ते वर्ष आणि खाली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १९वं कलम. बाकी अग्रलेख नाही, संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही.

पहिले दहा अंक मुख्यतः तिनेच जुळवले. पुढे बरेच हात बदलले आणि १९८३पर्यंत एकूण ६५ अंक निघाले.

क्रॉनिकल म्हटलं की आपण लगेच ‘बखर’ म्हणतो, पण हे बखरीच्या अगदी उलट आहे. जेधे शकावली डोळ्यांसमोर आणा. तिथी, घटना, पुढची तिथी. अमुक तारखेला अमुक शहरात अमुक माणसाला अटक, कलम अमुक, झडतीत टाइपरायटर आणि इतकी पानं जप्त. ‘अमानुष’ नाही, ‘शूर’ नाही. विशेषणं कवीनेच गाळावीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

---

चकलीचासोऱ्या

छान विषय. एक बाळबोध शंका: टाइपरायटरवर एका वेळी निघून निघून किती प्रती निघणार? आणि सायक्लोस्टाईल का नाही? आपल्याकडे ‘शब्द’सारखं अनियतकालिक पन्नासच्या दशकात सायक्लोस्टाईलवरच निघत होतं की.

---

तिरकीरेघ

सायक्लोस्टाईल, रोटाप्रिंट, पुढे झेरॉक्स, ही सगळी यंत्रं तिथे संस्थांच्याच ताब्यात असत. खोलीला कुलूप, कागदाचा हिशेब, आणि कोणी काय छापलं याची नोंद. खाजगी माणसाच्या हाती राहिला तो टाइपरायटर. तो दुकानात मिळायचा आणि घरी ठेवणं गुन्हा नव्हता. (सोव्हिएत संघात घरगुती टाइपरायटर पोलिसांकडे नोंदवावा लागे असं सर्रास लिहिलं जातं. तो नियम रोमानियातला, चाउशेस्कूच्या १९८३च्या हुकुमाचा.)

आता प्रतींचं गणित. साध्या कागदावर मूळ पान धरून चार प्रती नीट उमटतात. रशियन गीतकार गालिचच्या गाण्यातला पूर्व जर्मन बनावटीचा ‘एरिका’ टाइपरायटर चारच प्रती काढतो, तो आकडा इथूनच आला. जास्त हव्या असतील तर कागद पातळ घ्यायचा. रशियनमध्ये त्याला ‘पापिरोस्नाया’ म्हणत, म्हणजे सिगरेटचा कागद. हातात धरला की सळसळतो, मागची बोटं दिसतात. त्यावर सहा-सात प्रती निघतात.

रचना अशी: वर कोरा कागद, मग कार्बन काळी बाजू खाली, कागद, कार्बन, कागद. सगळा गठ्ठा टेबलावर आपटून कडा एकसारख्या करायच्या, वरच्या कडेला घडी घातलेली कागदाची पट्टी टोपीसारखी बसवायची आणि तीच आधी रुळात घालायची. पट्टी नसेल तर रूळ फिरताना आतले कागद मागे राहतात, तिसऱ्या प्रतीपासून ओळी तिरक्या होतात आणि सहाव्या प्रतीत शेवटची ओळ पानाबाहेर जाते. रूळ कडक हवा. मऊ रूळ बोटाचा मार शोषून घेतो आणि खालच्या प्रती पुसट येतात. अगदी शेवटच्या प्रतीला ‘आंधळी प्रत’ म्हणत. ती खिडकीशी धरून वाचावी लागे.

ओळी एकीला एक चिकटून, समास जेमतेम, कारण प्रत्येक वाचवलेलं पान म्हणजे सात वाचवलेले कागद.

चूक झाली की खरी पंचाईत. खोडायचं तर सातही प्रतींवर एकेक करून खोडायचं, आणि मधल्या कार्बनखाली चिठ्ठी सरकवायची विसरलात तर डाग खालच्या पानावर. त्यामुळे साधी चूक असेल तर फुल्या मारून पुढे जायचं. पण चूक आडनावात, कलमात किंवा तारखेत असेल तर पान पुन्हा, कारण पुढचा वाचक तेच पान उतरवून घेणार आणि चूक सातपट होऊन पसरणार.

आवाजासाठी यंत्राखाली जाड घोंगडं किंवा उशी. सामायिक सदनिकांत भिंतीपलीकडे दुसरं कुटुंब असे आणि मध्यरात्रीचा टकटकाट सगळ्यांना कळे.

---

घोंगडी

माझं नाव काढलंत म्हणून आले 🙂

वापरलेला कार्बन राहिला की. नवा कार्बन एकदाच वापरला असेल तर उजेडासमोर धरल्यावर अख्खं पान वाचता येतं. पाच-सहा वेळा वापरला की अक्षरांवर अक्षरं चढतात. म्हणून एकच कार्बन झिजेपर्यंत वापरणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं: पैसेही वाचतात, पुरावाही राहत नाही. मात्र तोवर प्रती पुसट होत जातात. शेवटी जाळायचाच. मेणकट असतो, पटकन पेटतो आणि काळा धूर सोडतो.

शिवाय प्रत्येक टाइपरायटरचं ‘हस्ताक्षर’ वेगळं. एखादं अक्षर ओळीच्या किंचित वर उठतं, एखाद्याचा पाय तुटलेला असतो. तपासनीस दोन कागद शेजारी ठेवून यंत्र ओळखू शकतो. झडतीत टाइपरायटर उचलून नेत ते यासाठी.

---

चकलीचासोऱ्या

सात प्रती म्हणजे सात वाचक. याने सरकार हादरेल असं वाटत नाही, स्पष्टच सांगतो.

---

दौत

सात वाचक नव्हेत, सात छापखाने. पहिल्या सात प्रती ज्यांच्याकडे जात, त्यांच्यातले काही जण पुन्हा पाच-सात प्रती काढत. समजा सातपैकी चौघांनीच प्रत्येकी सहा काढल्या, तर दुसऱ्या फेरीतच आणखी चोवीस. शिवाय एखादी प्रत परदेशी वार्ताहरामार्फत बाहेर जाई आणि तिथून रशियन भाषेतल्या रेडिओवरून परत देशातच ऐकू येई.

यापेक्षा हुशारीची गोष्ट उलट्या दिशेची. बातम्या आत कशा यायच्या? पत्ता नाही, संपादक माहीत नाही. पाचव्या अंकात (३१ डिसेंबर १९६८) वाचकांना सांगितलंय: तुमच्याकडची माहिती ज्याच्याकडून हा अंक मिळाला त्याला सांगा, तो ज्याच्याकडून मिळाला त्याला सांगेल. पण ही साखळी स्वतः शेवटपर्यंत शोधत जाऊ नका, नाहीतर लोक तुम्हाला खबऱ्या समजतील.

म्हणजे वितरणाची साखळी तीच वार्तांकनाची, फक्त उलटी. प्रत्येकाला मागचा एक आणि पुढचे चार-पाच एवढेच माहीत. एक कडी पकडली गेली तरी हाती लागणार फारच थोडं. दोष एकच: तोंडी बातमी चार तोंडांतून गेली की आडनाव बदलतं, ‘तीन वर्षं’चं ‘पाच वर्षं’ होतं. म्हणून अंकात ‘दुरुस्त्या’ हे सदर होतं. आधीच्या अंकातल्या चुका पुढच्या अंकात स्वच्छ कबूल. बातमीची खातरजमा झालेली नसेल तर तसंही लिहिलेलं.

---

उभाआडवा

सगळं ठीक, पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. ही मंडळी पुढे पश्चिमेच्या पंखाखालीच गेली ना? गोर्बानेव्हस्काया पॅरिसला ज्या ‘कॉन्टिनेंट’ त्रैमासिकात होती, त्याला पैसा अ‍ॅक्सल श्प्रिंगर या जर्मन वृत्तपत्रसम्राटाचा. शीतयुद्धात कोण कोणाच्या उपयोगी पडत होतं हे विसरून चालणार नाही.

---

दौत

श्प्रिंगरच्या पैशाबद्दल तुमचं बरोबर आहे, ते लपवलेलंही नव्हतं. पण ते १९७५नंतरचं. ‘ख्रोनिका’ निघत होती मॉस्कोत, लोकांच्या स्वयंपाकघरात. आणि मुद्दा पैशाचा नाही, मजकूर खरा की खोटा याचा आहे. गोर्बानेव्हस्कायावर कलम होतं १९०-१. सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी करणाऱ्या, ‘खोट्या आहेत हे ठाऊक असलेल्या’ गोष्टी पसरवणे. हे कलम १९६६च्या सप्टेंबरात मुद्दाम घातलेलं, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. शब्द नीट वाचा: सरकारला मजकूर खोटा आहे हे दाखवावं लागतं, आणि आरोपीला ते आधीच ठाऊक होतं हेही. तारीख-नाव-कलम एवढंच लिहिलेल्या कागदावर हे सिद्ध करणं महाकठीण. कोरडेपणा ही नुसती शैली नव्हती, तो बचावही होता.

पुढे ‘ख्रोनिका’ सांभाळणाऱ्यांपैकी एक असलेल्या सेर्गेई कवाल्योव्हवर डिसेंबर १९७५मध्ये व्हिल्नियसला खटला चालला, त्यातही ‘ख्रोनिका’चे अंक पुराव्यात होते. शिक्षा झालीच, सात वर्षं छावणी आणि तीन वर्षं हद्दपारी. सखारोव्ह त्या दिवशी व्हिल्नियसच्या न्यायालयाबाहेर उभे होते, आणि त्यांचं नोबेल पारितोषिक ओस्लोला त्यांची पत्नी स्वीकारत होती. गोर्बानेव्हस्कायाने देश सोडला तोही याच महिन्यात.

---

रात्रपाळी

कायद्याच्या याच अडचणीतून मनोरुग्णालयाची वाट निघाली. त्यातलं वैद्यकीय तपशिलात लिहितो.

अटक २४ डिसेंबर १९६९. बुतीर्का तुरुंग, मग आरोपींची मानसिक तपासणी करणारी मॉस्कोची सेर्ब्स्की संस्था. तिथल्या तज्ज्ञ मंडळाने, ज्यात डॅनिइल लुंट्स होते, निदान केलं: ‘संथ गतीचा स्किझोफ्रेनिया’. ही कल्पना मानसोपचारतज्ज्ञ स्नेझ्नेव्स्की यांच्या मॉस्को संप्रदायाची. नेहमीच्या स्किझोफ्रेनियाला काहीतरी दिसणारं लक्षण लागतं: भास, आवाज, विस्कळीत बोलणं. संथ गतीच्या प्रकारात यातलं काहीच नसलं तरी चालतं. ‘समाज सुधारण्याचा अतिरेकी ध्यास’, ‘न्यायासाठी हट्टाने झगडणं’, ‘परिस्थितीशी जुळवून घेता न येणं’ एवढं पुरतं. म्हणजे आरोपपत्र आणि लक्षणांची यादी एकच.

खटला ७ जुलै १९७० रोजी. आजारामुळे आरोपी स्वतःच्या कृत्याला जबाबदार नाही असं ठरल्यामुळे तिला न्यायालयात आणायची गरजच नाही. वकील होत्या सोफिया कलिस्त्रातोव्हा. निकाल: विशेष प्रकारच्या रुग्णालयात सक्तीचे उपचार, मुदत नाही. तीन वर्षांची कमाल मर्यादा तिथल्या तिथे नाहीशी. जानेवारी १९७१मध्ये कझानचं विशेष मनोरुग्णालय, जे आरोग्य खात्याखाली नसून गृहखात्याखाली होतं. सुटका फेब्रुवारी १९७२.

औषध हॅलोपेरिडॉल. औषध स्वतः वाईट नाही, खऱ्या रुग्णांना त्याने आराम पडतो. पण डोस वाढला की पाय स्वस्थ राहत नाहीत. बसलं की उठावंसं वाटतं, उभं राहिलं की चालावंसं, चाललं की आडवं व्हावंसं. याला अकॅथिझिया म्हणतात. सोबत मान-जबडा आखडणं, हात थरथरणं. यावर उतारा म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी देतात, त्याला तिकडे ‘सिक्लोडोल’ म्हणत. अशा रुग्णालयांत तो उतारा वेळेवर द्यायचा नाही किंवा द्यायचाच नाही, एवढं केलं की औषधाची शिक्षा होते. काठी लागत नाही, वळ उठत नाही. लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक: लक्ष एका ओळीवर टिकत नाही आणि पेन्सिल धरलेला हात थरथरतो.

दर सहा महिन्यांनी मंडळासमोर उभं करत. प्रश्न साधारण एकच: पूर्वीच्या कृत्यांबद्दल आता काय वाटतं? ‘तेव्हा मी आजारी होते’ म्हटलं की सुधारणा. ‘माझं बरोबरच होतं’ म्हटलं की आणखी सहा महिने.

१९७१ साली व्लादिमीर बुकोव्स्कीने अशा निदानांचे कागद पश्चिमेला पाठवले, त्यात गोर्बानेव्हस्कायाचाही अहवाल होता. प्रकरण जागतिक मानसोपचार संघटनेत गाजत राहिलं आणि १९८३मध्ये, हकालपट्टी होईल असं दिसताच, सोव्हिएत संघटना आपणहून बाहेर पडली.

---

घोंगडी

‘आरोपपत्र आणि लक्षणांची यादी एकच’. बापरे.

अटकेच्या दिवसाचा एक तपशील. घराची झडती झाली तेव्हा ११व्या अंकासाठी जमवलेले हस्तलिखित कागद घरातच होते, काही टेबलाच्या खणात, काही कोटाच्या खिशात, आणि ते झडती घेणाऱ्यांच्या हाती लागलेच नाहीत. आठवड्याभरात, ३१ डिसेंबर १९६९च्या तारखेने, ११वा अंक निघाला आणि त्यात तिच्याच अटकेची बातमी होती. पुढे बराच काळ अनातोली याकोब्सनने अंक सांभाळला. तोही कवितेचाच माणूस, समीक्षक आणि अनुवादक.

---

पाणपोई

लाल चौकाबद्दल दोन ओळीत उरकलंत, म्हणून भर. २५ ऑगस्ट १९६८, रविवार, दुपारी बाराचा ठोका. जागा लोब्नोये मेस्तो, जुन्या काळी राजाज्ञा जिथून वाचत तो दगडी चौथरा. आठ जण: लारिसा बोगोराज, पावेल लित्विनोव्ह, कॉन्स्टन्टिन बाबित्स्की, वादिम देलोने, व्लादिमीर द्रेम्ल्युगा, व्हिक्टर फाइनबर्ग, तात्याना बायेव्हा आणि गोर्बानेव्हस्काया. चार दिवसांपूर्वीच रणगाडे प्रागमध्ये शिरले होते.

बाबागाडीत तीन महिन्यांचं मूल आणि गादीखाली फलक. तिने तयार केलेल्या दोन फलकांपैकी एक चेक भाषेत होता, दुसऱ्यावर ‘तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी’. ही घोषणा मूळ पोलिश, १८३१च्या उठावातली, रशियन झारविरुद्धची. पोलिश जाणणाऱ्या बाईने ती मॉस्कोत परत आणली हे मला फार नेमकं वाटतं. चौथऱ्याच्या कडेला बसून फलक उघडले, काही मिनिटांत साध्या कपड्यातल्या लोकांनी ते फाडले. फाइनबर्गचे दात पाडले. आणि म्हणूनच त्याला खटल्यात उभं केलं नाही, लेनिनग्रादच्या विशेष मनोरुग्णालयात पाठवलं, कारण तुटलेल्या दातांचा आरोपी कोर्टात कसा दाखवणार?

तिला तान्ह्या मुलामुळे तेव्हा सोडून दिलं. मिळालेल्या सव्वा वर्षात तिने या खटल्याचे सगळे कागद, साक्षी, शेवटची निवेदनं जमवून ‘पोल्देन’, म्हणजे ‘मध्यान्ह’, हा संग्रह सिद्ध केला. पुन्हा तेच: स्वतःच्या धाडसाबद्दल कमी, कागदपत्रं जास्त.

---

चकलीचासोऱ्या

हे सगळं चालू असताना आपल्याकडे सोव्हिएत लँडची मराठी आवृत्ती येत होती, आणि तिच्या गुळगुळीत पानांची वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली जात होती. तो कागद नक्कीच सिगरेटच्या कागदापेक्षा भारी होता.

बरं, कागदच नसेल तर? छावणीत कविता कशा टिकल्या?

---

तिरकीरेघ

त्यासाठी इरीना रातुशिन्स्काया बघा. ओडेसाची, जन्म १९५४, भौतिकशास्त्र शिकलेली. मार्च १९८३मध्ये सात वर्षं कडक छावणी आणि पाच वर्षं हद्दपारी. मोर्दोव्हियात बराशेव्हो इथे, राजकीय कैदी स्त्रियांचा ‘छोटा विभाग’. दिवसभर हातमोजे शिवायचे.

तिची पद्धत: साबणाच्या वडीवर काडेपेटीच्या काडीने ओळी कोरायच्या. वडी ओलसर असली तर अक्षर पसरतं, फार सुकली तर कपचे उडतात. एका वडीवर थोड्याच ओळी मावतात, त्यामुळे कविता तुकड्यातुकड्याने. पाठ झाली की हात धुवायचे, कविता गेली. नंतर संधी मिळेल तेव्हा ४ सेंटीमीटर रुंद सिगरेटच्या कागदाच्या पट्टीवर बारीक अक्षरात उतरवायची, घट्ट गुंडाळी करायची आणि बाहेर पाठवायची. कैदेत तिने सुमारे २५० कविता रचल्या. ९ ऑक्टोबर १९८६ला, रेक्याविकच्या रेगन-गोर्बाचोव्ह भेटीच्या दोन दिवस आधी, तिची सुटका झाली.

याच छोट्या विभागात तिच्यासोबत तात्याना वेलिकानोव्हा होती. गणिती, १९६८ला चौकात साक्षीदार म्हणून हजर, बाबित्स्कीची पत्नी, आणि ‘ख्रोनिका’चा खरा कणा. १९७२च्या अखेरीस केजीबीने ‘प्रत्येक नव्या अंकामागे अटक’ अशी धमकी दिल्यावर ‘ख्रोनिका’ दीड वर्षाहून अधिक काळ बंद होती. मे १९७४मध्ये तिने, कवाल्योव्हने आणि तात्याना खोदोरोविचने स्वतःच्या नावानिशी जाहीर केलं की यापुढे वाटपाची जबाबदारी आमची.

---

पाणपोई

तुकोबांची गाथा आठवली.

---

तिरकीरेघ

आठवणारच. फक्त इथे गाथा कवीनेच मुद्दाम पाण्यात सोडायची असते, आणि ती वर येते ती दुसऱ्याच्या तोंडातून.

पाठ राहण्याला वृत्ताचा हात मोठा. रशियन कविता विसाव्या शतकातही यमक-वृत्त धरून राहिली, त्यामागे हे एक कारण असावं असं माझं मत. मुक्तछंदातला शब्द निसटला तर कळत नाही. वृत्तात ओळ लगेच लंगडते.

---

उभाआडवा

वैद्यकीय प्रतिसाद वाचून माझा सूर थोडा मवाळ झालाय, कबूल. अनुवाद मराठीत कोणी करणार असेल तर?

---

दौत

करताना अडचण ही: रशियन वृत्त आघातावर उभं आहे आणि आघात शब्दात कुठेही पडतो. आपलं लघुगुरूवर किंवा अक्षरसंख्येवर. तिच्या आठ-बारा ओळींच्या कवितांना अष्टाक्षरी बरी बसते, पण यमकासाठी शब्द भरायला लागलात की तिचा आटोपशीरपणा गेला. मी यमक सोडेन, ओळीची लांबी सोडणार नाही. आणि तिच्या आडनावात आघात ‘ने’वर आहे. बिनआघाती ‘ओ’चा उच्चार ‘अ’कडे झुकतो, म्हणून ऐकताना गर्बान्येव्स्कया. कृपा करून ‘गोर्बाचेव्हस्काया’ लिहू नका, दुसऱ्या एका धाग्यावर तेही वाचलंय.

तिचं पुढचं: पॅरिसमध्ये ‘रूस्काया मिस्ल’ आणि ‘कॉन्टिनेंट’. जवळजवळ तीस वर्षं कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही. २००५मध्ये ते पोलंडने दिलं. २५ ऑगस्ट २०१३ला, ४५ वर्षांनी, ती पुन्हा लाल चौकात त्याच घोषणेच्या फलकापाशी उभी राहिली. या वेळीही सोबतच्यांना पोलिसांनी उचललं. २९ नोव्हेंबर २०१३ला पॅरिसमध्ये मृत्यू, दफन पेर लाशेजमध्ये.

---

घोंगडी

दौत, पहिल्या पोस्टमध्ये ‘६५ अंक निघाले’ लिहिलंय ते तपासा.

---

दौत

खरंय. मूळ पोस्ट आता संपादित होत नाही, म्हणून इथे दुरुस्त्या:

१. क्रमांक ६५पर्यंत गेले, पण ५९वा अंक १९८१च्या फेब्रुवारीत झडतीत जप्त झाला आणि वाचकांपर्यंत पोचलाच नाही. ६५वाही वाटला गेला नाही. म्हणजे ६३.

२. लाल चौकातल्या आठांपैकी खटला पाचांवरच चालला (९ ते ११ ऑक्टोबर १९६८). लित्विनोव्ह पाच वर्षं हद्दपार, बोगोराज चार, बाबित्स्की तीन. द्रेम्ल्युगा तीन वर्षं छावणीत, देलोने दोन वर्षं दहा महिने. बायेव्हाने सोबत्यांच्या आग्रहावरून ‘मी योगायोगाने तिथे होते’ असं सांगितलं आणि ती सुटली.

३. ‘सात छापखाने’ हे माझं विशेषण झालं. सात प्रती.